आतल्या दुमडीचा धागा

आमच्या दुकानाच्या पाटीवर दोन ओळी आहेत. वरची 'धुलाई व इस्त्री', खालची 'रफू करून मिळेल'. वरची माझी, खालची सुनेची. सून घरात आली तेव्हा पाटीवर एकच ओळ होती आणि दुसरीला जागा नाही असं मीच म्हटलं होतं. वर्षभरानं मीच रंगाऱ्याला बोलावून खालची ओळ लिहून घेतली. मी कुणाचं कौतुक तोंडावर करत नाही. पाटीवर केलं, तेवढं पुरे.

तिचं काम होतंच तसं. एकदा एका वकिलाच्या कोटाला कोपराशी जळून भोक पडलं होतं. न्यायला आला तेव्हा त्यानं कोट उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, हा माझा नव्हे, माझ्या कोटाला भोक होतं. भांडायलाच उठला. शेवटी खिशातून त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या तेव्हा कोट घेऊन गेला, तोही संशयानंच.

सुनेचा नियम एक. रफूचा धागा बाजारातून आणायचा नाही. दुकानात कितीही जुळला तरी बाहेरचा धागा तीन धुण्यांत आपला रंग दाखवतो. कोटाच्या आत शिवणीपाशी शिंप्यानं बोटभर कापड दुमडून सोडलेलं असतं. ते कधी उन्हात जात नाही, कुठं घासत नाही, कुणाला दिसत नाही. तिथून एकेक धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणायचा. कापड त्याच कापडानं भरायचं.

हे काम दोन डोळ्यांचं. एका डोळ्यानं सुईचं टोक कापडाच्या वर आहे की खाली हेच उमगत नाही. चार वर्षांपूर्वी सुनेचा उजवा डोळा गेला आणि पाटीवरची खालची ओळ नुसती रंगापुरती राहिली.

तो कसा गेला, हे मी घरात सांगितलं एक आणि झालं होतं दुसरं. इथे झालं तेच सांगते.

हॉटेलांच्या चादरी आम्ही सोड्यात उकळतो. खायचा सोडा नव्हे, कॉस्टिक. बोटाला लागला तर कातडी साबणासारखी बुळबुळीत होते. चादरी उकळून निघाल्या की दोनदा पाण्यातून काढायच्या आणि शेवटी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायच्या. सोडा मारायला आंबट लागतं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. म्हणून पिंपाशेजारी व्हिनेगरच्या पाण्याची बादली कायम भरलेली. त्या दुपारी सून काठीनं चादर उचलत होती. काठी सटकली, ओली चादर धपकन पिंपात पडली आणि सोड्याचं पाणी तिच्या तोंडावर उडालं, उजव्या बाजूनं.

नळ दहा पावलांवर होता, बादली हाताशी होती. मला सुचलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. सुचलं, चाळीस वर्षं सुचत आलं तेच सुचलं. सोडा आहे, आंबट लागेल. तिला स्टुलावर बसवलं, डोकं मागे टेकवलं, तिच्यासमोर उभी राहिले, अंगठ्यानं पापणी वर ओढली आणि मगभर व्हिनेगरचं पाणी ओतलं. त्यातही घाई अशी, की माझा उजवा हात समोरून ज्या डोळ्यावर गेला तो तिचा डावा. म्हणजे धड असलेला डोळा मी आधी धुतला. चूक लक्षात आली तशी दुसऱ्याकडे वळले.

डोळा म्हणजे चादर नव्हे. त्याला साधं पाणी हवं होतं, नळाच्या धारेखाली, अर्धा तास, दुसरं काही नाही. हे मला दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रावरूनच कळलं. डॉक्टरनं विचारलं, कशानं धुतलात. मुलगा अजून वाटेत होता, सून वेदनेनं दात आवळून बसली होती. मी म्हटलं, पाण्यानं.

एक शब्द. तो मी चार वर्षं पुरवला.

पुढे एका मोठ्या दवाखान्यात तिच्या डोळ्याची पुढची काच बदलली. कुणा भल्या माणसानं मरताना देऊन ठेवलेली. आठ महिने ती स्वच्छ राहिली. सून पुन्हा सुई हातात घ्यायला लागली होती. मग कडेनं लाल शिरा सरकत आल्या आणि काच हळूहळू दुधाळ झाली, होती तशी. आम्ही नशीब म्हणून गप्प बसलो. नशिबाच्या पाठीवर काहीही लादावं, ते बिचारं उलटून बोलत नाही.

सून इस्त्रीच्या टेबलावर गेली. रफूचं काम मी बाहेर एका माणसाकडे देऊ लागले आणि तो करून आणी तेव्हा त्याच्याशी भांडू लागले. त्याचं रफू लांबून दिसायचं, जसं रडलेलं तोंड दिसतं.  एकदा सुनेनं फक्त त्यानं भरलेल्या बाहीवरून बोट फिरवलं आणि बाही परत ठेवून दिली. ते मला शिवीपेक्षा लागलं.

मुलगा कपडे आणायला-पोचवायला गाडी घेऊन फिरतो. गेल्या वर्षी त्याला डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम मिळालं, पांढऱ्या कोटांचं. माझा मुलगा मऊ आहे, पण बोलका. कोट देता देता त्यानं तिथल्या डॉक्टरीणबाईंना बायकोची सगळी कहाणी सांगितली. त्या म्हणाल्या, घेऊन या. आम्ही चौघं गेलो. चौथी म्हणजे नात. वय अकरा, आणि प्रश्न इतके विचारते की घरात तिचं नावच प्रश्नपत्रिका पडलंय.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नखं कापलेली, आवाज खालचा. मला म्हणाल्या, आजी, तुम्ही इथं बसा. मी म्हटलं, आजी मी हिची, तुमची व्हायला अजून अवकाश आहे. त्या हसल्या आणि काकूवर आल्या. मग बराच वेळ त्यांनी यंत्रातून सुनेचा डोळा पाहिला.

"काच चांगलीच बसवली होती," त्या म्हणाल्या. "पण भोवतीचं कडं जळलंय. काच जगणार कशावर?"

कागदावर त्यांनी एक गोल काढला आणि त्याच्या भोवती बारीक रेघ ओढली. डोळ्याचं काळं संपून पांढरं सुरू होतं, तिथं हे कडं असतं म्हणाल्या. आपलं सगळं अंग पेशींचं बनलेलं, भिंत विटांची असावी तसं. डोळ्यावर एक काचेसारखी पातळ कातडी असते आणि ती रोज झिजते, नुसती पापणी मिटली-उघडली तरी झिजते. नवी येते ती या कड्यातून. तिथं मूळपेशी राहतात. मूळपेशी म्हणजे अजून कामाला न जुंपलेली. एकीच्या दोन होतात. त्यातली एक डोळ्याच्या मधल्या भागाकडे सरकत जाते, कातडी होते, झिजते आणि मरते. दुसरी आहे तिथंच, आहे तशीच राहते, पुढच्या खेपेसाठी.

"म्हणजे एक राबते आणि एक घरी बसते," सून म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, घरी बसते म्हणून घर उभं राहतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघींचं बरोबर आहे. कडं जळलं की घरी बसणारी उरत नाही. मग काच नवी घाला नाहीतर दहा घाला, वरची कातडी येणार कुठून? आजूबाजूची पांढरी कातडी शिरा घेऊन आत घुसते आणि काच झाकून टाकते.

प्रश्नपत्रिकेनं विचारलं, अशा पेशी सगळीकडे असतात का. त्यांनी तिला मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं, ते मला आवडलं. हाडांच्या पोकळीत रक्त बनवणाऱ्या असतात, आतड्यात आतड्याच्या, केसाच्या मुळाशी केसाच्या. आईच्या पोटात अगदी सुरुवातीला तर अशा असतात की त्यांचं हाड व्हायचं की मेंदू, हेही ठरलेलं नसतं. पुढे पुढे ज्याची त्याची वाट ठरत जाते. डोळ्याच्या कड्यातली पेशी डोळ्याचीच कातडी करणार, तिला दुसरं काही जमत नाही. मग आजीचा पडलेला दात परत का येत नाही, हा पुढचा प्रश्न. त्या म्हणाल्या, काही ठिकाणी शरीर साठा ठेवायला विसरतं. मी म्हटलं, हिच्या जिभेच्या वेळी मात्र दुप्पट ठेवलाय.

मग त्यांनी उपाय सांगितला. चांगल्या डोळ्याच्या कड्यातून मोहरीएवढा तुकडा घ्यायचा. उजव्या डोळ्यावर चढलेली पांढरी कातडी सोलून काढायची. तिथं एक पातळ पापुद्रा पसरायचा. बाळंतपणानंतर वार पडते ना, तिच्यावरचा, बायका दान देतात तो. म्हणजे अस्तरच म्हणा. मोहरीएवढ्या तुकड्याचे दहा-बारा कण करून त्या अस्तरावर गोलात ठेवायचे. प्रत्येक कण आपल्या भोवती कातडी वाढवतो आणि दोन-तीन आठवड्यांत एकमेकांना येऊन मिळतो. जिथून तुकडा घेतला ते कडं आपलं आपण भरून येतं.

 सून हळूच म्हणाली, "आतल्या दुमडीतला धागा."

डॉक्टरीणबाईंना समजलं नाही. तेव्हा सुनेनं त्यांना रफू सांगितलं, वकिलाच्या कोटासकट. चार वर्षांत ती एका दमात इतकं बोलली नव्हती. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, तिच्याकडे एकच धड डोळा आहे, त्याला सुरी लावू नका. माझे दोन्ही आहेत, माझा घ्या. माझं बघायचं ते बघून झालंय. मुलगा भारावून माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर त्या मोठेपणात माझा डाव होता. डोळा देऊन मोकळी झाले की त्या एका शब्दाबद्दल मला कुणी विचारणार नाही, मीसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. परक्याच्या पेशी शरीर ओळखतं आणि हाकलून देतं, म्हणाल्या. दोन्ही डोळे गेलेल्या माणसाला नाइलाजानं तसं करतात, पण मग वर्षानुवर्षं जड औषधं घ्यावी लागतात. हिच्यापाशी हिचं स्वतःचं आहे. "काकू, तुमचा डोळा नको. तुम्ही फक्त आठवून सांगा. त्या दिवशी डाव्या डोळ्यात काही गेलं होतं का?"

सून तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, नाही.

बरं झालं, त्या म्हणाल्या. मग वरून घेऊ, पापणीखालून. ती झाकलेली जागा असते, नेहमी तिथूनच घेतो आम्ही.

ऑपरेशनच्या संमतीचे कागद घरी आले. सून सही करेना. मुलाला वाटलं, घाबरली. तो तिला समजावत बसायचा. लाखात एखाद्याला त्रास होतो, आपण लाखात कधी होतो का, असं काहीबाही. मी टोमणा मारला की सुईला न भिणारी सुरीला भिते. ती इस्त्री फिरवत राहिली आणि एवढंच म्हणाली की विचार करतेय. दोन आठवडे गेले. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की हो-नाही कळवा.

एका दुपारी मी उशांचे अभ्रे घड्या करत बसले होते. कागदात असं काय आहे ज्याला ही बिचकते, ते बघावं म्हणून नातीला वाचायला सांगितलं. वाचनात तिचा हातखंडा, स्वल्पविरामसुद्धा वाचते. सातव्या ओळीत होतं: दुसऱ्या डोळ्याला पूर्वी इजा झाली होती का, किंवा त्यात कोणतंही रसायन गेलं होतं का. पुढे माझ्या मुलाच्या अक्षरात: नाही. त्याखाली बारीक अक्षरात होतं, की ही माहिती चुकीची असल्यास घेतलेल्या भागात मूळपेशी कमी भरू शकतात आणि दोन्ही डोळ्यांना धोका पोचू शकतो.

"आजी, दोन्ही म्हणजे चांगल्यालापण?"

मी म्हटलं, दोन्ही म्हणजे दोन्ही. तोच अभ्रा मी तिसऱ्यांदा उलगडून घडी घालत होते.

त्यावेळी माझ्या डोळ्यांसमोर माझाच अंगठा आला, पापणी वर ओढणारा. वरची पापणी. पाणी पडलं ते तिथंच, वरच्या कडेवर. आणि डॉक्टरीणबाई वरूनच घेणार होत्या. झाकलेली जागा म्हणून. ती जागा मीच उघडून आंबटात भिजवली होती, आणि हे या जगात एकट्या मला माहीत होतं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ कधी जाईल अशी आशा माझ्या नवऱ्यानंसुद्धा केली नव्हती. पण इथे जळणार होता तो सुनेचा उरलेला डोळा. उद्या तो गेला असता तर माझ्या हातातली काठी धरून ती या घरात चाचपडत फिरली असती, आणि मी आयुष्यभर तिला वाट दाखवत चांगुलपणा मिरवला असता. हा विचार आला आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला म्हटलं, गाडी काढ, दवाखान्यात जायचंय, हिलाही घे. कशाला, हे सांगितलं नाही. वाटेत सांगितलं असतं तर अर्ध्या वाटेत मी शब्द फिरवला असता, माझी मला खात्री आहे.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "मी डोळा पाण्यानं धुतला नव्हता. व्हिनेगरच्या पाण्यानं धुतला होता. आणि घाईत आधी डावा धुतला."

 खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती टुकटुक ऐकू येत होती. मुलगा उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. सून खुर्चीत होती तशीच राहिली. मला वाटलं होतं डॉक्टरीणबाई तरी मला झापतील. झापलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कसं धरलं होतं, दाखवता का.

त्यांनी सुनेला गोल स्टुलावर बसवलं. मी तिच्यासमोर उभी राहिले. डावा हात तिच्या डोक्यामागे, उजव्या हाताचा अंगठा पापणीवर. चार वर्षांनी मी तिला हात लावत होते. घरात कप देताना बोटाला बोट लागतं, ते धरत नाही मी. तिची पापणी स्थिर होती. ती पळून जायची असती तर चार वर्षांपूर्वीच गेली असती. तिनं मान मागे टाकली, त्या दिवशीसारखीच, आणि उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली. मी पापणी वर ओढली. म्हटलं, असं, आणि मग इथून ओतलं, नाकाच्या बाजूनं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या डोळ्यात पिवळा थेंब घातला, खोलीतला दिवा मालवला आणि निळ्या उजेडात खूप वेळ पाहिलं. मग यंत्राच्या पडद्यावर चित्र काढून आम्हाला दाखवलं. वरच्या कड्यावर, नाकाकडच्या अंगाला, नखाच्या कोरीएवढी जागा फिकट हिरवी चमकत होती. तिथली कातडी पातळ होती. दिसायला बरी, पण आत साठा तुटपुंजा. तिथून काही घेतलं असतं तर भरून आलं नसतं, म्हणाल्या. बाकी कडं चांगलं होतं. आता खालून, कानाच्या बाजूनं घेता येईल.

"सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. एवढंच. कोणी मला इतक्या साध्या शब्दांत कधी सोडलं नव्हतं.

मुलगा गाडी आणायला म्हणून निघून गेला. पुढे तीन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याच्या मऊपणाला मी नेहमी नावं ठेवायचे. तो कठीण कसा दिसतो ते तेव्हा कळलं. बाहेरच्या बाकावर मी आणि सून दोघीच उरलो. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. सून तो बघत होती.

"व्हिनेगर होतं ते मला तेव्हाच कळलं होतं, आई," ती म्हणाली. "त्याच वासात तर जन्म चाललाय. डावा आधी धुतलात ते नव्हतं कळलं. दोन्हीकडे आगच होती."

मी विचारलं, मग चार वर्षं बोलली का नाहीस.

"तुम्ही पाणी म्हणालात. आपल्या घरात तुमच्या शब्दावर शब्द ठेवलाय कधी कुणी?"

खाली मान घालून ऐकायची मला सवय नाही. ऐकलं. ती पुढे म्हणाली की तिला सुरीची भीती नव्हतीच. ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून आठ-दहा वेळा डोळ्यात थेंब घालावे लागतात. मुलगा दिवसभर गाडीवर, नात शाळेत. म्हणजे थेंब घालणारी मी. "तुमच्या हातातल्या बाटलीत काय आहे, ते मला कसं कळणार होतं?"

असं कुणी तोंडावर सांगितलं की माझं उत्तर तयार असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा लौकिक आहे. त्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटून बसली. शेवटी मी म्हटलं, दुसरी बाई ठेवू.

"दुसरी कशाला," सून म्हणाली. "तुम्हीच घाला. पण दर वेळी बाटलीवरचं नाव आधी मोठ्यानं वाचायचं. झाकणाचा रंग बघून नाही. नाव वाचून."

ती उठली, आत गेली आणि सही करून आली.

ऑपरेशन सकाळी झालं, पाऊण तासात. सून बाहेर आली ती दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून. डावी दुसऱ्या दिवशी सुटली. उजव्या डोळ्यावर पातळ लेन्स होती, कण हलू नयेत म्हणून. बाटल्या तीन. दवाखान्यानं मराठी अक्षरात चिठ्ठ्या चिकटवून दिल्या होत्या, पण औषधांची नावं ती, जोडाक्षरांनी खचाखच भरलेली. मी शाळा तिसरीत सोडली. कपड्यांच्या चिठ्ठ्यांवरचे नंबर मी लांबून वाचते, जोडाक्षराशी मात्र माझं कधी जमलं नाही. पहिल्या दिवशी पांढऱ्या बाटलीचं नाव वाचायला मला इतका वेळ लागला की सून म्हणाली, आई, दुपारचा थेंब संध्याकाळी पडणार. नात शाळेतून आली की माझं वाचन तपासायची आणि चुकलं तर पुन्हा म्हणायला लावायची. मुकाट्यानं म्हणायचे. चौथ्या दिवशी मुलगा दारात उभा राहून ते ऐकत होता. बाटलीचं नाव मी दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं, तेव्हा तो आत येऊन चहा टाकायला गेला. तीन कप आणले. त्यातला एक माझा होता.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पिवळा थेंब घालून पडद्यावर डोळा दाखवला. कण वेगवेगळे दिसत होते आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ जागेचं एकेक कडं. काही एकमेकांना मिळालेही होते. मी मोजले, अकरा. मोहरीएवढ्या तुकड्याचे अकरा, आणि त्यातला प्रत्येक आपलं काम जाणत होता. त्यांना कुणी ओरडून सांगितलं नव्हतं. आमच्या दुकानात ओरडल्याशिवाय बटणसुद्धा लागत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, यांना कसं कळतं थांबायचं कुठं. त्या म्हणाल्या, शेजारीण लागली की थांबतात. आणि सगळंच आम्हालाही अजून कळलेलं नाही, काकू. शिकलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. मला सगळं कळतं, असं म्हणणाऱ्या एका बाईला मी चांगली ओळखते.

सहाव्या आठवड्यात लेन्स काढली. काचेत आतून जुना डाग आहे, तो राहील, म्हणाल्या. वर्षभरानं हवी तर काच पुन्हा बदलता येईल, आणि या वेळी ती टिकेल, कारण आता तिच्यावर कातडी घालणारं घरात कुणीतरी आहे. मग सुनेला म्हणाल्या, डावा डोळा झाका आणि काय दिसतं ते सांगा.

सुनेनं तळहातानं डावा डोळा झाकला. आधी खिडकीकडे वळली. उजेड, म्हणाली. खिडकीची चौकट. मग दाराशी उभा असलेला नवरा, त्याचा निळा शर्ट. निळाच ना, असं तिनं विचारलं आणि त्यानं नुसती मान हलवली. ती दिसली नसेल म्हणून मग हो म्हणाला, दोनदा. मग ती माझ्याकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली.

"केस सगळे पांढरे झाले की तुमचे," ती म्हणाली. "या डोळ्यानं पाहिले तेव्हा निम्मे काळे होते."

मी म्हटलं, तुझा हा डोळा इतकी वर्षं झोपला होता, मी नव्हते.

ती हसली. हात डोळ्यावर तसाच होता. म्हणाली, तोंड मात्र नीट दिसत नाही अजून, नुसतं पुसट आहे.

मी म्हटलं, दिसेल. घाई करू नकोस. आणि तिला दिसायच्या आत तोंड पुसून घेतलं.